रुग्ण बेचाळीस, नर्स एक

सिस्टर ड्यूटीवर आल्या की आधी पेशंटकडे जात नसत, आधी दाराकडे जात. आमच्या पुरुष वॉर्डाच्या दाराला एक काळी पाटी होती. मुळात ती नातेवाइकांच्या भेटीच्या वेळा लिहायला लावलेली. सिस्टर ती ओल्या फडक्यानं पुसत, एप्रनच्या खिशातून खडू काढत आणि लांबून वाचता येईल अशा अक्षरांत लिहीत : ‘आज सकाळी. रुग्ण एकोणचाळीस. नर्स दोन.’ दुपारी पाळी बदलली की पुन्हा पुसून नवा आकडा. हात झटकत म्हणायच्या, “झालं. आता कुणी म्हणायला नको, आम्हाला सांगितलं नव्हतं.”

साहेबांच्या, म्हणजे आमच्या वैद्यकीय अधीक्षकांच्या, डोळ्यांत ती पाटी सलायची. ते वॉर्डबॉयला, म्हणजे आमच्या मामांना, पुसायला पाठवत. मामा पुसत. सिस्टर पुन्हा लिहीत. एका आठवड्यात हे इतक्यांदा झालं की मामा हात जोडून म्हणाले, “बाई, तुमी दोघं एकदा काय ते ठरवा. माझा खांदा गेला.” शेवटी साहेबांनी पाटीच काढून नेली. दुसऱ्या दिवशी सिस्टरांनी सरळ दारावर लिहिलं. दार कोण काढून नेणार?

कुणी विचारलं की त्या उलट विचारत, “एसटीत चढल्यावर ड्रायव्हरच्या डोक्यावर काय लिहिलेलं असतं? बसणारे इतके, उभे इतके. मेंढरं न्यायच्या टेम्पोलासुद्धा पासिंग असतं. मग माणसं मरायला येतात त्या खोलीला का नको?”

“मरायला नाही, बरी व्हायला येतात,” मी एकदा सुधारलं.

“ते आपण किती जण आहोत त्यावर आहे,” त्या म्हणाल्या.

हा दवाखाना आमच्या नगर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावचा. जिल्ह्याच्या पाट्या बदलल्या, नवं नाव लागलं, पण तोंडात अजून नगरच येतं. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. मी कर्जतकडचा. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला पहिला माणूस मी आणि ते सांगायला मला लाज वाटत नाही. बी.एस्सी. नर्सिंग. गावात पेढे वाटले तेव्हा एक म्हातारा म्हणाला, “म्हंजी कंपौंडर का?” दुसरा म्हणाला, “न्हाई, ती बायांची नोकरी अस्ती ती.” वडिलांनी दोघांच्याही हातातला पेढा परत घेतला. अशा घरातून मी आलेला. दवाखान्यात मला ब्रदर म्हणत. फक्त सिस्टर ‘पदवीधर’ म्हणत, आणि ते कौतुकानं नव्हतं. त्या स्वतः डिप्लोमावाल्या, देवळाली प्रवऱ्याच्या, उसातल्या घरातल्या. वॉर्डाच्या इन्चार्ज. माझ्या जन्माच्या आधीपासून इंजेक्शनं देत होत्या.

स्वभावानं गोड वगैरे अजिबात नव्हत्या. नवीन मुली त्यांच्यासमोर रडत. डबा कुणाशी वाटून खात नसत आणि उभ्यानं खात. वॉर्डात नर्सच्या टेबलाजवळ खुर्चीच ठेवलेली नव्हती. त्या म्हणत, “खुर्ची दिसली की पाय दुखायला लागतात.” दिवाळीची रजा मागायला गेलं की विचारत, “पेशंटांना सांगितलंय का, दिवाळीत ताप येऊ देऊ नका म्हणून?” मागं आम्ही त्यांना पुष्कळ नावं ठेवली. त्यातलं एक गावानं उचललं : कायदेवाली.

कारण त्यांना कायदा हवा होता. साधी मागणी होती, एका कागदात मावणारी. कुठल्या वॉर्डात किती रुग्णांमागं किमान किती नर्स, हे कायद्यात लिहा. आणि त्याहून कमी ठेवल्या तर जाब नर्सला नाही, नेमणाऱ्याला विचारा. साहेब म्हणत, “अहो, नियम आहेत की.” सिस्टर म्हणत, “नियम फायलीत झोपतो साहेब. कायद्याला कोर्टात उभं करता येतं.”

या कागदावर त्या सह्या गोळा करत. कुठंही. राहात्याच्या बाजारात पेरूच्या क्रेटवर कागद ठेवून. एसटी स्टँडवर. लग्नात तर हात धुवायच्या जागी उभ्या राहत, कारण तिथं माणूस पळू शकत नाही. एका लग्नात नवरदेवाचा मामा वैतागून म्हणाला, “ओ सिस्टर, जेवू तरी द्या.” तर म्हणाल्या, “जेवा की. पण ही जिलेबी बाधली तर येणार माझ्याकडंच. तेव्हा एकाच नर्सला चाळीस खाटा बघताना बघायचंय का?” त्यानं ओल्या हातानं सही केली.

एकदा एक पुढारी वॉर्डात येऊन ओरडायला लागला. चुलत्याची सलाईन संपून नळीत रक्त आलं होतं. “कुठं मेल्या सगळ्या सिस्टरा?” सिस्टर त्याच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या. “आवाज चांगला आहे. हातही चांगले आहेत. हे धरा,” म्हणून भरलेली सलाईनची बाटली त्याच्या हातात दिली. “स्टँड कमी आहेत. चला माझ्याबरोबर.” आणि त्याला सगळ्या खाटांवरून फिरवलं. प्रत्येक खाटेपाशी थांबून सांगत, याला काय करायचं राहिलंय, त्याला काय करायचं राहिलंय. दहाव्या खाटेपर्यंत तो रागात होता. विसाव्या खाटेला म्हणाला, “सिस्टर, हात भरून आला.” त्या म्हणाल्या, “अजून अर्ध्यावरच आहोत, अण्णा.”

हे ऐकून लोक हसतात. मीही हसायचो. पण ज्या गोष्टीवरून आमचं बिनसलं ती हसायची नव्हती.

प्रत्येक पेशंटच्या खाटेला एक तक्ता असतो. ताप, नाडी, श्वास, बीपी. वेळेप्रमाणे चौकोन आखलेले. वेळ झाली की मोजायचं आणि चौकोनात लिहायचं. आता जिथं एक नर्स आणि चाळीस पेशंट, तिथं सगळे चौकोन खरे भरायचे तर माणसाला चार हात पाहिजेत. मग आम्ही काय करतो, ते या धंद्यातल्या प्रत्येकाला माहीत आहे आणि कुणी लिहीत नाही, म्हणून मी लिहितो. मागचा आकडा बघायचा आणि दोननं कमी किंवा दोननं जास्त करून पुढचा लिहायचा. तोच आकडा पुन्हा लिहायचा नाही, संशय येतो. एकशेवीस, मग एकशेअठरा, मग पुन्हा एकशेवीस. मी यात तयार होतो. सकाळी निळं, दुपारी हिरवं, रात्री लाल पेन. एक चौकोन रिकामा नाही. तपासणीला कुणी आलं की साहेब माझे तक्ते दाखवत. मला त्याचा अभिमान होता, खोटं कशाला बोलू.

सिस्टरांचे तक्ते मात्र भोकाभोकांचे. जे मोजलं ते लिहिलेलं, बाकी कोरं, आणि खाली बारीक अक्षरात ‘घेतलेलं नाही’ आणि सही. मी वॉर्डात नवीन असताना त्यांनी माझा एक तक्ता उचलून विचारलं, “हे बारा वाजताचं बीपी कधी घेतलं?”

“बाराला.”

“बाराला तुम्ही पेशंट सोडायला ऑपरेशन थिएटरला गेला होतात. मी बघितलं.”

मी आकडा खोडायला पेन काढलं.

“खोडू नका. खाली लिहा, घेतलेलं नाही.”

“सिस्टर, माझ्या अंगावर येईल.”

“येऊ दे,” त्या म्हणाल्या. “पदवीधर, तुम्ही शिकलेले आहात, एवढं समजून घ्या. तुम्ही एकटे असताना सगळे चौकोन भरता तेव्हा वरच्यांना काय दिसतं? की एकटा पुरतो. मग दुसरा माणूस ते कशाला देतील? माझा खडू साहेब नाही पुसत. तुमचं पेन पुसतं.”

मला ते पटलं नाही. मला वाटलं, यांची पेन्शन जवळ आली आहे, यांना काय जातंय. माझ्या मागं अख्खं घर होतं, ज्यानं मला पांढऱ्या कपड्यांत उभं केलं होतं. नोटीस म्हणजे काय हे त्या घराला कळलं नसतं, फक्त पोरगं काहीतरी वाईट वागलं एवढं कळलं असतं. मी चौकोन भरत राहिलो.

मग ती दुपार आली.

दारावर सिस्टरांनी जाता जाता लिहिलं होतं : ‘आज दुपारी. रुग्ण बेचाळीस. नर्स दोन.’ तासाभरात एक डोकं फुटलेला पेशंट नगरला हलवायचा निघाला आणि बरोबरची सिस्टर त्याच्यासोबत अँब्युलन्समध्ये गेली. दारावरचं ‘दोन’ कुणी पुसलं नाही. मी एकटा उरलो.

खिडकीजवळच्या खाटेवर पाथर्डीकडचा एक ऊसतोड्या होता, तिशीतला. उसाच्या ट्रॉलीवरून पडून पोटाला मार लागला होता. वरून जखम नाही. डॉक्टरांनी लिहून ठेवलं होतं, दर तासाला बीपी आणि नाडी. पोटात आतून रक्त जात असेल तर ते आधी बीपीत दिसतं, म्हणून. तीन वाजता मी घेतलं. एकशेवीस, ऐंशी. चांगलं होतं. त्याची बायको उशाला बसलेली.

त्यानंतर ऑपरेशनचे दोन पेशंट एकदम वॉर्डात आले. एकाला उलट्या. ऑक्सिजनचा सिलिंडर संपला. एक म्हातारा खाटेवरून उतरताना पडला. साडेपाचच्या सुमारास टेबलापाशी आलो, तर डॉक्टरांचा राउंड सहाला. उभ्याउभ्या मी तक्ते भरले. ऊसतोड्याचे चार आणि पाचचे चौकोनही भरले. एकशेअठरा. एकशेसोळा. हिरव्या पेनानं, सुवाच्य.

सहाला डॉक्टरांनी त्याचा हात धरला आणि त्यांचा चेहरा बदलला. अंग गार, नाडी हाताला लागेना. धावपळ झाली. नगरला हलवला. नगर यायच्या आत तो गेला.

दुसऱ्या दिवशी सिस्टरांनी तो तक्ता बराच वेळ हातात धरला. मला काही विचारलं नाही. फक्त म्हणाल्या, “पाचपर्यंत एकशेसोळा असलेला माणूस सहाला गार पडत नाही.” आणि तक्ता फायलीत लावून टाकला.

तेवढ्यावर मिटलं असतं. पण सिस्टरांचे अर्जांवर अर्ज गेल्यामुळं थोड्याच दिवसांत वरून दोन अधिकारी आले. नर्स खरंच कमी पडतात का, ते बघायला. सिस्टरांनी वॉर्डातल्या कोऱ्या चौकोनांचा हिशेबच मांडला होता : अमुक पाळीत इतक्या तपासण्या झाल्या नाहीत, कारण नर्स इतक्या. साहेबांच्या खोलीत आम्हाला उभं केलं. अधिकाऱ्यांनी सिस्टरांना विचारलं, “म्हणजे तुम्ही काम केलं नाही, हे तुम्हीच लिहून देताय?”

“हो.”

“हा कर्तव्यात कसूर होतो.”

“होतो. कुणाचा, ते बघायला तुम्हाला बोलावलंय.”

साहेब हसले आणि त्यांनी एक फाईल पुढं सरकवली. “यांच्याच वॉर्डातली केस आहे. दुर्दैवानं पेशंट गेला. पण रेकॉर्ड बघा. ब्रदर एकटे होते, बेचाळीस पेशंट, तरी तासातासाला बीपी घेतलंय. इच्छा असली की होतं, साहेब.” अधिकाऱ्यांनी तक्ता बघितला, मग माझ्याकडं बघितलं. “छान काम आहे,” त्यातले एक म्हणाले.

सिस्टर माझ्या शेजारी उभ्या होत्या. त्यांना माहीत होतं. त्या एक शब्द बोलल्या असत्या तर मी तिथंच संपलो असतो आणि त्यांचं म्हणणं सिद्ध झालं असतं. त्या बोलल्या नाहीत. त्यांनी माझ्यासाठी जागा सोडली. ती जागा मला दिसत होती. मी म्हणालो, “थँक्यू सर.”

जास्तीच्या नर्स मिळाल्या नाहीत. सिस्टरांना नोटीस मिळाली. बाहेर व्हरांड्यात त्या मला एवढंच म्हणाल्या, “तुमचं अक्षर फार सुरेख आहे, ब्रदर.” त्या दिवसापासून त्यांनी मला पदवीधर म्हणणं सोडलं. ती थट्टा होती, तरी ती गेली तेव्हा मला ती हवीशी वाटली.

त्यानंतर मी चौकोन कोरे ठेवायला लागलो. माझं कौतुक थांबलं. पण तो एक तक्ता फायलीत भरलेलाच होता.

रिटायर होताना लोक वॉर्डाला घड्याळ देतात, पंखा देतात. सिस्टरांनी आम्हा प्रत्येकाच्या हातात एकेक कोरा कागद दिला. म्हणाल्या, “नर्स कमी होत्या म्हणून तुमच्या हातून काय राहून गेलं, ते नावासकट लिहा. कायद्याच्या अर्जाला जोडायचंय. सह्या खूप झाल्या. सह्यांत मेलेलं माणूस दिसत नाही, म्हणून त्या कुणी वाचत नाही.” सगळ्यांनी कागद घेतले. कुणी लिहिलं नाही. माझा कागद पाकिटात घडी पडून फाटायला आला.

लिहायच्या आधी मला एका माणसाला सांगायचं होतं. कारखान्याचा हंगाम संपून तोडणीच्या टोळ्या गावी परतल्यावर मी केसपेपरवरचा पत्ता घेऊन पाथर्डीकडं गेलो. ती दारात शेंगा फोडत होती. मला ओळखलं. पाणी दिलं. मी उभ्यानंच सांगून टाकलं. “ताई, कागदावर लिहिलंय की चार वाजता, पाच वाजता तुमच्या मालकांना तपासलं. ते खोटं आहे. तीन ते सहा मी तिकडं आलोच नाही.”

ती शेंगा फोडायची थांबली नाही.

“मला म्हाईत हाय की,” ती म्हणाली. “मी तिथंच बसल्ते. त्ये पानी पानी करीत हुते. घाम फुटल्ता. मी दोन बारी तुमाला हाळी दिली. तुमी म्हनला, आलो.”

मला ते आठवत नव्हतं. खरंच आठवत नव्हतं.

“कागदावर काय लिव्हलं, ते आमाला कुनी वाचून दावलंच न्हाई,” ती म्हणाली. “मला वाटलं, लिव्हलं आसंल, कुनी आलं न्हाई म्हनून.”

मी तिला कायद्याचं सांगितलं, सिस्टरांचं सांगितलं, खिशातला कागद दाखवला. म्हणालो, हे लिहून दिलं तर माझी नोकरी जाऊ शकते, पण मी लिहिणार आहे. तिला त्याचं काही वाटलेलं दिसलं नाही आणि का वाटावं? तिनं सुपातली टरफलं बाजूला केली, सूप उलटं करून माझ्यापुढं ठेवलं.

“मंग लिवा हितंच,” ती म्हणाली. “आन् मी दोन बारी हाळी दिली, त्येबी लिवा.”

मी लिहिलं. दोन वेळा हाक मारली, हेही लिहिलं. तिनं वाचून दाखवायला लावलं, आणि खाली आपलं नाव काढलं, एकेक अक्षर सुटं.

तिथून मी तडक देवळाली प्रवऱ्याला गेलो. सिस्टर ओट्यावर होत्या. समोर अर्जांचा गठ्ठा. रिटायर झाल्या तरी एसटीनं गावोगाव फिरणं चालूच होतं. त्यांनी चष्मा लावून कागद वाचला. दुसऱ्यांदा वाचला. तिच्या नावापाशी थांबल्या आणि त्यावरून एकदा बोट फिरवलं.

“ती बसलेली होती,” त्या म्हणाल्या. “एवढी वर्षं मी नर्स मोजल्या. उशाला बसलेलं माणूस मी कधी लिहिलं नाही.” त्यांच्या तोंडून स्वतःची चूक मी पहिल्यांदा ऐकली.

मग कागद गठ्ठ्यात वर ठेवला. “याची एक प्रत साहेबांनाही जाईल. चौकशी लागेल.”

“माहीत आहे.”

“घरी सांगितलं?”

“सकाळी सांगितलं. वडील स्टँडपर्यंत सोडायला आले.”

त्यांनी मान हलवली. मग विचारलं, “उद्या ड्यूटी कुठली?”

“दुपारची.”

“पेशंट?”

“चव्वेचाळीस.”

“बरोबर कोण?”

“कुणी नाही.”

सिस्टर उठल्या आणि माझी पिशवी माझ्या हातात दिली.

“मग इथं काय बसलात?” त्या म्हणाल्या. “शेवटची गाडी सुटेल. जा, जेवा आणि झोपा. उद्या तुम्हाला चव्वेचाळीस खाटांवरून फिरायचंय.”